पांढऱ्या खांबाच्या पलीकडे

फोन वाजला तेव्हा मृदुलाच्या कढईत पोहे होते आणि हातात लिंबू.

"मृदुला, तुझा टांगा खांबाच्या पलीकडे गेलाय," सार्जंट कॉलिन म्हणाला. वाऱ्यात त्याचा आवाज फाटत होता. "एक चाक चरात आहे. विरेमू चिखलात पडलेला सापडला. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. आत्ताच रुग्णवाहिका गेली."

"आणि डॉक्टर?"

"इथेच आहे. म्हणतो, मी टांगा इथवर आणलाच नाही."

"मग कोणी आणला?"

"तेच तर. घोडा जुंपलेला आहे, तोही त्याच्याच पद्धतीने. लवकर ये. दुपारी पाऊस आहे. सगळ्या खुणा धुऊन जायच्या आत मला ठरवायचंय, या माणसावर गुन्हा दाखल करायचा की नाही."

मृदुलाने गॅस बंद केला.

"लिंबू तूच पिळ," ती नवऱ्याला म्हणाली. "विरेमू पडलाय. डॉक्टरांवर येतंय."

प्रकाश एरवी अशा वेळी हटकून थट्टा करायचा. पुण्यात कुत्रं भुंकलं तरी गल्ली बदलणारी बाई न्यूझीलंडात येऊन रेंजर झाली, हा त्याचा आवडता विनोद. आज त्याने नुसते तिचे गमबूट दारात आणून ठेवले.

पापाकुरा मागे पडलं तसं धुकं दाट झालं. मे महिन्याचा पहिला शनिवार. बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो तो दिवस. अर्धा तालुका उजाडायच्या आधीच कोतारेच्या पाणथळीत शिरतो आणि फांद्यापानांच्या आडोशात दबा धरून बसतो. त्या आडोशाला इथे माइमाइ म्हणतात. कोतारेची जमीन सार्वजनिक. शिकारीचा परवाना असला की कोणीही यावं. मोटारीला मात्र कार पार्कच्या साखळीपुढे बंदी. तिथून पुढे ज्याचे पाय त्याला नेतील तेवढं.

विरेमूचे पाय आता नेत नव्हते. त्याचे आजोबा, पणजोबा याच पाण्यावर बदकं मारत आले होते, आणि गुडघे गेल्यावर तो दोन वर्षं कार पार्कात बसून नुसते बार ऐकायचा. ते डॉक्टर गुरुनाथ खऱ्यांना बघवलं नाही. डॉक्टर मूळचे मिरजेचे. निवृत्तीनंतर लेकीजवळ राहायला आले आणि शेजारच्या विरेमूशी त्यांचं असं काही जमलं की लोक विचारायचे, हे दोघं बोलतात कुठल्या भाषेत? डॉक्टरांनी शर्यतीतून पेन्शनीत निघालेला एक घोडा घेतला, त्याचं नाव वादळ ठेवलं, रबरी चाकांचा हलका टांगा बांधून घेतला आणि मृदुलाच्या ऑफिसात येऊन म्हणाले, "मोटार चालत नाही ना? मग ही मोटार नाहीच."

जमीन सांभाळणाऱ्या ट्रस्टने नियम करायचं काम मृदुलाच्या गळ्यात घातलं. तिने ते मन लावून केलं. घोडागाडी फक्त परवान्यावर. फक्त खडीच्या रस्त्यावर, पांढऱ्या खांबापर्यंत. खांबापाशी घोडा सोडायचा आणि बांधायचा. गाडी पुढे न्यायची नाही, कारण पुढे मातीचा अरुंद बांध आणि कडेला खोल चर. आणि लीद जमिनीवर पडता कामा नये, कारण तिच्यातून तणाचं बी पाणथळीत जातं. त्यासाठी टांग्याच्या दोन दांड्यांमध्ये, घोड्याच्या शेपटीखाली, कॅनव्हासची पिशवी ताणून बांधायची.

असा परवाना अख्ख्या कोतारेत एकाच माणसाकडे होता. घेणारा मराठी, देणारी मराठी. लोक बोलणारच.

बोलणारा पहिला माणूस कार पार्कातच उभा होता. ऋतुराज पाटणकर. हेन्डरसनला आयटीत नोकरी, शिकाऱ्यांच्या समितीचा चिटणीस, अंगात पानापानांच्या नक्षीचं कोरं जॅकेट.

"झालं समाधान, मृदुलाताई? मी ओरडून सांगत होतो. आपला माणूस म्हणून दिलंत परमिट."

"दिलं ते विरेमूच्या गुडघ्यांना. ते काही मराठी नव्हते."

"गेल्या मीटिंगला डॉक्टर काय म्हणाले? 'खांब जरा पुढे सरकवा, त्याला तेवढंही चालवत नाही.' आपण नाही म्हटलं. घ्या, सरकवला त्यांनी स्वतःच."

"तू टांगा जाताना पाहिलास?"

"नाही. मी आलो तेव्हा तो आत गेलेला होता. साखळी उघडी होती, तेही लिहून घ्या. आलो तेव्हा इथे नुसत्या गाड्या, माणूस एकही नाही. त्या मोठ्या पाइनखाली क्षितिजची ठरलेली जागा असते ना, तीसुद्धा रिकामी. मी लावून टाकली माझी गाडी, स्वीट अ‍ॅज, मस्तच! मग साहेब आले, त्यांना लावावी लागली उघड्यावर." तो हसला. मग आज हसायचा दिवस नाही हे लक्षात येऊन ओशाळला. "ओरडा ऐकला तेव्हा आम्ही दोघंच होतो इथे. दोघंही धावलो."

"क्षितिज कुठल्या बाजूने आला?"

"मी पाठमोरा होतो, बूट चढवत होतो. कुठून येणार? रस्त्यावरूनच की."

खडीचा रस्ता संपतो तिथे पांढरा खांब. खांबापाशी क्षितिज उभा होता, डॉक्टरांचा जावई. उंच, धिप्पाड, रोज व्यायाम करणारा, वागायला इतका गोड की मृदुलाला कधीकधी वाटायचं, याला राग येतो तेव्हा हा तो ठेवतो कुठे?

"मावशी, बाबांना जरा सांभाळून विचारा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांना आठवत नसेल. हल्ली विसरतात."

"बघू," मृदुला म्हणाली.

कॉलिनने बांधावर दोरी लावून ठेवली होती. सगळे जण कडेच्या गवतातूनच गेले होते, त्यामुळे मधली माती तशीच होती. मृदुला खाली बसली.

चाकांच्या दोन चाकोऱ्या खांबापासून निघून बांधावरून पुढे गेल्या होत्या. मध्ये घोड्याच्या टापा. इथवर सगळं शहाण्यासारखं. पुढे बांध उजवीकडे वळतो. वळणावर मृदुला थांबली. तिथे टापा मध्ये राहिल्या नव्हत्या. त्या आतल्या बाजूच्या चाकोरीत उतरल्या होत्या. चाकाने दाबलेल्या गुळगुळीत पट्टीवर खुराचे अर्धगोल स्वच्छ उमटलेले.

"कॉलिन, हे पाहिलंस?"

"पाहिलं. टांगा गेला, घोडा गेला."

"कोण आधी गेलं?"

"घोडा पुढे, टांगा मागे. तुमच्या देशात उलटं असतं का?"

मृदुला उठली. ती पुढे निघाली आणि दहा-पंधरा पावलांवर तिचा पाय जवळजवळ त्यात पडला.

"लीद!"

"मृदुला, इथे माणूस मरता मरता वाचलाय."

"आणि इथे लीद पडलीय. आजची आहे, ओली आहे."

चराशी टांगा एका अंगावर कलला होता. वादळला सोडून गवतात बांधलं होतं. नावाच्या अगदी उलट, शांतपणे तो चरत होता. मृदुलाने टांग्याच्या दांड्यांमधली कॅनव्हासची पिशवी बोटांनी उघडून पाहिली. आतून कोरडी, झटकल्यासारखी स्वच्छ.

"तू घोडा सोडलास तेव्हा पट्टे कसे होते?" तिने विचारलं.

कॉलिनने सोडायच्या आधी फोटो काढले होते. त्याने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दाखवले. जुंपणीच्या पट्ट्यांची उरलेली शेपटं दांड्याला दोन वेढे देऊन उलटी आत खोचलेली. इथले घोडेवाले बकल लावतात आणि शेपूट तसंच लोंबू देतात. वेढे देऊन खोचणं ही मिरजेच्या टांगेवाल्यांची रीत. डॉक्टरांनी लहानपणी घराजवळच्या अड्ड्यावर पाहिलेली.

"या भागात असं कोणी करत नाही, मी विचारलं," कॉलिन म्हणाला. "म्हणजे घोडा डॉक्टरने जुंपला आणि मध्ये कोणी सोडला नाही. तो मात्र म्हणतो, मी खांबापाशी सोडला होता. दोन्ही खरं कसं असेल?"

डॉक्टर एका उपड्या बादलीवर बसले होते, खांद्यावर कोणाचं तरी ब्लँकेट. चिखल कोपरापर्यंत.

"क्रमाने सांगा, डॉक्टर."

"साखळी उघडली. परत लावायची राहिली, ते कबूल. बोटं गारठली होती. खांबापाशी आलो. वादळ थांबला."

"तुम्ही थांबवलंत?"

"त्याला थांबवावं लागत नाही, मृदुलाबाई. दोन वर्षांत एकदाही खांबापुढे गाडी ओढली नाहीये त्याने. खांब दिसला की त्याची शाळा सुटते. मी पट्टे सोडले, त्याला खांबाला बांधलं. विरेमू उतरला आणि काठी टेकून रस्त्यात उभा राहिला. म्हणाला, 'डॉक, तू बदकं मांड, मी घोड्याला माओरी शिकवतो.'" त्यांनी चिखलाचे हात ब्लँकेटला पुसले. "मी नकली बदकं घेऊन माइमाइकडे गेलो. तो बघा, त्या राउपोच्या उंच पात्यांमागे. ती पाण्यावर सोडली, दोऱ्या बांधल्या. परत आलो तर खांबापाशी काहीच नाही. ना घोडा, ना टांगा, ना माणूस."

"मोटारीचा आवाज आला?"

"कार पार्कात गाड्या येतच असतात. त्यात काय कळणार."

"मग?"

"बांधावरून शोधत गेलो. तो चरात होता. कमरेपर्यंत पाण्यात. ओरडलो, तेव्हा ही मंडळी आली." डॉक्टरांनी मान वर केली. "त्याच्या दोन्ही नळ्या मोडल्यात. गुडघ्याच्या खाली, दोन्ही एकाच उंचीवर. सार्जंट म्हणतो, चाक गेलं. ह्या टांग्याचं चाक जाऊन असं होत नाही."

"मग कशाने होतं?"

"मी इथे आरोपी आहे. माझं निदान कोणाला हवंय."

"त्याची काठी कुठे आहे?"

"नाही मिळाली," कॉलिन मध्येच म्हणाला. "चिखलात गेली असेल."

"बरं. डॉक्टर, घोडा तुम्ही सोडला होता, तर परत जुंपला कोणी? तेही शेपटं खोचून?"

सकाळपासून पहिल्यांदाच डॉक्टरांनी नजर चुकवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मागून चिखलात पाय आपटत कोणीतरी आलं. कल्याणी, डॉक्टरांची मुलगी. सातवा महिना, चेहरा लाल, पायात घरातल्याच सपाता.

"कोण म्हणतं बाबांनी नियम मोडला? मावशी, तुम्ही पण? सिग्नल पिवळा झाला की हा माणूस ब्रेक दाबतो, मागचे शिव्या देतात! गेल्या महिन्यात केळीचं साल टाकायला कचऱ्याचा डबा सापडेना, तर खिशात घालून घरी आणलं होतं यांनी."

"कल्याणी, बस तू आधी," क्षितिज म्हणाला.

"नाही बसत. उन्हाळ्यात यांची पाठ धरली होती ना, तेव्हाही खांब म्हणजे खांब. वाकता येईना, तर क्षितिजला जुंपायला लावायचे, आणि स्वतः बाजूला उभं राहून नुसतं, 'शेपूट खोच! अरे, शेपूट खोच!' मी हसून हसून दमले होते."

कोणीच हसलं नाही. डॉक्टर बादलीवरून उठले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

मृदुलाने आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेकडून काळं चढत होतं. तिने क्षितिजला दोन पावलं बाजूला घेतलं.

"तू कधी आलास रे?"

"बाबांच्या मागोमागच. ते चहाचा थर्मास विसरले होते, आणि विरेमूची घडीची खुर्ची. ती घेऊन आलो."

"मग आत का नाही आणून दिलीस?"

"इतकं सामान घेऊन अंधारात, बंदुकवाल्यांच्या मधून? म्हटलं उजाडू दे. गाडीतच बसून होतो."

"कुठे?"

"कार पार्कात. नेहमीच्या जागी."

"ऋतुराज भेटला?"

"तो आला नंतर."

"तू आधीपासून होतास."

"हो, मावशी. मी आधीपासून होतो."

मृदुलाने मान हलवली. तिला एकदम थकल्यासारखं वाटलं. रहस्य उलगडलं की माणसाला आनंद होतो असं जे कोणी म्हणतं, त्याने कधी ओळखीच्या माणसांचं रहस्य उलगडलेलं नसतं.

"कॉलिन," ती म्हणाली, "मला टांगा परत खडीच्या रस्त्यावर हवाय. आणि घोडा जुंपलेला."

कॉलिनने आधी बांधावरच्या खुणांचे फोटो काढले, मग चौघांनी हात लावून टांगा चरातून काढला आणि हाताने ओढत खांबाच्या अलीकडे नेला. ओढायला फार जोर लागला नाही. तो हलका होता, हे मृदुलाने मनात नोंदवलं. डॉक्टरांनी वादळला जुंपलं, सवयीने शेपटं खोचली, आणि बसले.

"पुढे घ्या," मृदुला म्हणाली. "बांधावर."

"मृदुलाबाई, नियम..."

"नियम मी केलाय. घ्या पुढे."

वादळ तुरुतुरु निघाला. खांब आला. वादळ थांबला.

डॉक्टरांनी लगाम सैल सोडला, जिभेने टकटक केलं. घोड्याने एक कान मागे वळवला, जणू म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय की काय हे ऐकायला. ऋतुराजने पुढे होऊन तोंडाजवळचा पट्टा धरला आणि ओढला. मान लांब झाली, पाय जागचे हलले नाहीत. कॉलिनने मागून थाप मारली. वादळने शेपटी उडवली आणि पिशवी वापरली.

"सकाळच्या प्रकाराने बिथरला असेल," कॉलिन म्हणाला. "त्या बांधाला घाबरत असेल."

"असेल. आता सोडा त्याला."

पट्टे सुटले. कॉलिनने दोरी धरली आणि चालू लागला. वादळ लहान मुलाने आजोबांचं बोट धरावं तसा त्याच्या मागून खांब ओलांडून बांधावर गेला आणि थेट गवताला तोंड लावलं.

कॉलिन दोरी हातात धरून उभाच राहिला.

"तो बांधाला घाबरत नाही," मृदुला म्हणाली. "खांबापुढे गाडी ओढायची नसते, एवढंच त्याला माहीत आहे. सकाळीही त्याने ओढली नाही. डॉक्टरांनी मारून मुटकून नेलं असतं म्हणशील, तर आत्ता तुम्ही तिघांनी काय कमी केलंत?"

"मग टांगा चराशी गेला कसा?"

"माणसाने ओढत नेला, जसा आपण आत्ता आणला. बांधावर वळणापाशी टापा चाकोरीच्या वर उमटल्या होत्या. घोडा पुढे आणि टांगा मागे असता, तर चाकाने टापा पुसल्या असत्या. तुला मी विचारलं होतं, कोण आधी गेलं? टांगा आधी गेला, कॉलिन. घोडा नंतर, मोकळा, कोणाच्या तरी हाताला धरून. म्हणून तर लीद बांधावर पडली आणि पिशवी कोरी राहिली. घोडा दांड्यांमध्ये असता तर, आत्ता पाहिलंस ना, पिशवीतच गेली असती."

ऋतुराजचं तोंड उघडं पडलं होतं. "पण एवढा खटाटोप कशाला?"

"टांग्याचा अपघात दाखवायचा होता. खांबापाशी सपाट खडी. तिथे टांगा उलटला म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? चर पुढे होता. आणि डॉक्टरांना खांबापुढे जायचंय हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुझ्याचमुळे." तिने श्वास घेतला. "विरेमू टांग्यातून पडलाच नाही. तो काठी टेकून रस्त्यात उभा होता. उभ्या माणसाच्या दोन्ही नळ्या एकाच उंचीवर कशाने मोडतात, हे डॉक्टरांना सकाळीच कळलं होतं. मोटारीच्या पुढच्या लोखंडी बारने."

"इथे मोटार येत नाही," ऋतुराज म्हणाला.

"साखळी उघडी होती. तूच सांगितलंस."

 लांब पाण्यावर कोणाचे तरी दोन बार झाले आणि पक्ष्यांचा थवा उठला.

"आपल्याला असा माणूस हवाय," मृदुला म्हणाली, "जो टांगा एकट्याने ओढू शकतो. ज्याच्यामागून वादळ मुकाट जातो. जो मिरजेच्या रीतीने शेपटं खोचतो, कारण बाजूला उभं राहून कोणीतरी ते त्याच्याकडून घोटून घेतलंय. परक्याने घोडा इथल्यासारखा जुंपला असता आणि आपल्याला लगेच कळलं असतं. ह्याने बरोबर जुंपला, इथेच चुकला. हात शिकला तसाच चालला. आणि पहाटे ऋतुराज आला तेव्हा कार पार्कात माणूस नव्हता. पाइनखालची जागा रिकामी होती. क्षितिज, तू म्हणतोस तू तिथे आधीपासून बसला होतास."

क्षितिजने कार पार्कच्या दिशेने पाहिलं.

"गाडीची चावी दे," कॉलिन म्हणाला.

क्षितिजचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"खुर्ची द्यायला आलो होतो," तो म्हणाला. मराठीतच, कॉलिनला कळणार नाही हेही त्याच्या लक्षात आलं नाही. "देवाशप्पथ, तेवढंच. ते बाबांची वाट बघत उभे राहतील, त्यांना बसता यावं म्हणून. साखळी उघडी दिसली. दिवे बंद ठेवले, नाहीतर लोक ओरडले असते. खांबापाशी वळवून निघायचं म्हटलं. ते दिसलेच नाहीत. नुसता आवाज आला. मी हाक मारली, हलवलं. मला वाटलं, गेलेच. रेसिडेन्सीचा अर्ज दिलेला आहे, कल्याणीला सातवा महिना... काठी माझ्या गाडीत आहे."

मृदुलाने ते कॉलिनला इंग्रजीत सांगितलं. शक्य तितक्या थोड्या शब्दांत.

"आणि हे माझ्यावर येईल, हे कळलं नव्हतं का तुला?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तुम्हाला नियम मोडल्याची ताकीद मिळेल एवढंच वाटलं, बाबा. म्हातारा माणूस, टांग्याचा अपघात... तुम्हाला कोण काय करणार होतं?"

"ते सोड." डॉक्टर त्याच्यासमोर आले. "मी त्या पात्यांमागे होतो रे. हाकेच्या अंतरावर. चाळीस वर्षं डॉक्टरकी केली मी. तू त्याला उचलून पाण्यात ठेवलंस, आणि मला हाक नाही मारलीस."

क्षितिजने चेहरा दोन्ही हातांत घेतला. कॉलिन त्याच्याजवळ गेला आणि दंडाला धरून, जवळजवळ हळुवारपणे, त्याला रस्त्याकडे वळवलं.

"तुमच्यावर काही नाही, डॉक्टर," तो जाता जाता म्हणाला. "तुम्ही मोकळे आहात."

"साखळीबद्दल ताकीद येईल माझ्याकडून," मृदुला म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. "परवाना आहे तसा राहील."

डॉक्टरांनी मान डोलावली. मग कल्याणी बोलली. इतका वेळ ती खांबाला टेकून उभी होती.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं. ते पट्टे पाहिले तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"तुझ्याकडे बघून, बाळा. तुझं हे असं असताना..."

"तोही माझ्याकडेच बघत होता म्हणे." ती रडत नव्हती. "एकाने माझ्याकडे बघून माणूस पाण्यात ठेवला, दुसऱ्याने माझ्याकडे बघून तोंड मिटलं. तुमच्यातल्या कोणी विरेमूकडे बघितलं का?"

डॉक्टरांनी खांद्यावरचं ब्लँकेट घट्ट धरलं. 

"त्याच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही," मृदुला म्हणाली. "मुलगा ख्राइस्टचर्चला असतो. रात्रीपर्यंत पोचेल."

"मग मला तिथे सोडा, मावशी." कल्याणीने पोटावर हात ठेवला आणि खडीवरून चालायला लागली. "बाबांना म्हणावं, यायचं असेल तर या. डॉक्टर म्हणून नका येऊ. नुसते या."

मृदुलाने गाडीची किल्ली काढली. थोडं अंतर जाऊन तिने मागे पाहिलं. डॉक्टरांनी ब्लँकेट खाली टाकलं होतं आणि ते त्यांच्या मागे येत होते, म्हाताऱ्या माणसाला जितकं झपझप चालता येतं तितकं.